सोमवार रात्रीचे नायट्रो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन रेसलिंगवर मी बरीच वर्षे लिहितो आहे, आणि सर्वाधिक पत्रे येतात ती ‘डब्ल्यूसीडब्ल्यू मंडे नायट्रो’बद्दल. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे जाणकारांचे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नायट्रो म्हणजे नेमके काय? मला फक्त डब्ल्यूडब्ल्यूई माहीत आहे.

आजची डब्ल्यूडब्ल्यूई तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ होती, आणि अमेरिकेत तिच्या तोडीस तोड दुसरी कंपनी होती : डब्ल्यूसीडब्ल्यू. मालक सीएनएनवाले टेड टर्नर. नायट्रो हा या कंपनीचा दर सोमवारचा कार्यक्रम. टर्नर यांच्याच टीएनटी वाहिनीवर तो ४ सप्टेंबर १९९५ रोजी सुरू झाला आणि २६ मार्च २००१ रोजी संपला. साडेपाच वर्षांचे आयुष्य, पण त्यातली साधारण दोन वर्षे तो त्या धंद्यातला पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम होता. डब्ल्यूडब्ल्यूएफचा ‘रॉ’ त्याच वारी, त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर लागायचा. या दोघांच्या झुंजीला ‘मंडे नाइट वॉर’ म्हणतात.

२. हे सगळे आधीच ठरलेले असते ना? मग बघायचे कशासाठी?

हो, निकाल ठरलेला असतो. आपल्याकडे यासाठी ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आहे, आणि तो शिवीसारखा वापरला जातो. ते योग्यच आहे, कारण खासबागेत तिकीट काढून बसलेल्या माणसाला दोन पैलवानांनी आतून संगनमत करून फसवले तर तो दगाच. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये मात्र प्रेक्षकालाही ठाऊक असते की हे नाट्य आहे. तो निकालावर पैज लावायला येत नाही, गोष्ट बघायला येतो. तमाशातल्या वगाचा शेवट गावाला पाठ असतो, तरी फड लागला की गाव गोळा होतेच.

पडण्या-आपटण्यात मात्र खोटेपणा कमी असतो. फळ्यांवर पातळ गादी आणि कापड ताणून रिंग केलेली असते. तिच्यावर वर्षाला शेकड्याने पाठीवर पडणाऱ्या माणसाच्या मानेचे, गुडघ्यांचे काय होते, ते त्या पिढीतल्या कोणत्याही रेसलरची आजची चाल बघून कळते.

३. सोमवारच का निवडला? मुद्दाम?

अगदी मुद्दाम. ‘रॉ’ जानेवारी १९९३ पासून सोमवारी चालू होता. डब्ल्यूसीडब्ल्यूचा कारभार एरिक बिशॉफ यांच्याकडे होता. टर्नरनी त्यांना विचारले की डब्ल्यूडब्ल्यूएफचे मालक व्हिन्स मॅकमॅहन यांच्याशी बरोबरी करायला काय लागेल. बिशॉफनी मोक्याच्या वेळेची जागा मागितली. टर्नरनी तिथल्या तिथे सोमवारची रात्र देऊन टाकली. बिशॉफ स्वतःच सांगत आले आहेत की इतके मिळेल अशी त्यांना अपेक्षा नव्हती.

मालकाच्या एका शब्दावर हा कार्यक्रम जन्माला आला, हे लक्षात ठेवा. प्रश्न १३ वाचताना लागेल.

४. पहिल्या भागात असे काय होते की अजून त्याची चर्चा होते?

पहिला भाग स्टेडियममध्ये झालाच नाही. मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टनला मॉल ऑफ अमेरिका म्हणून प्रचंड मोठा मॉल आहे, त्याच्या मधल्या चौकात रिंग मांडली होती. वरच्या मजल्यांच्या कठड्यांना टेकून लोक खाली बघत होते. पहिली लढत ब्रायन पिलमन आणि जपानचा जुशिन थंडर लायगर यांची, म्हणजे सुरुवातच चपळाईने.

मग स्टिंग आणि रिक फ्लेअर यांची लढत चालू असताना लेक्स लुगर शांतपणे चालत आला. लुगर डब्ल्यूडब्ल्यूएफचा माणूस. आदल्याच रात्री तो कॅनडात त्यांच्या कार्यक्रमात लढला होता. करार संपलाय हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते आणि बिशॉफनी बातमी फुटू दिली नव्हती. त्या रात्री टेनिसमुळे ‘रॉ’ लागलाच नव्हता, त्यामुळे सगळा प्रेक्षक इकडेच होता. पहिल्याच तासात लोकांना कळले की या कार्यक्रमात कोण कधी दारातून आत येईल याचा नेम नाही.

५. ‘थेट प्रक्षेपण’ याचे एवढे कौतुक का?

कारण तेव्हा ‘रॉ’चे बरेच भाग आधी चित्रित केलेले असायचे. बिशॉफ कॉमेंट्रीच्या टेबलावर बसून समोरच्या कार्यक्रमात पुढे काय होणार तेच सांगून टाकायचे : तिकडे अमुक जिंकतोय, वाहिनी बदलायची गरज नाही. हा प्रकार मला कधी आवडला नाही. पण त्याचा परिणाम झाला हे मान्य करायला हवे.

थेट असण्याचा खरा फायदा वेगळा होता. १८ डिसेंबर १९९५ रोजी मेडूसा नायट्रोवर आली. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ती अलुंड्रा ब्लेझ नावाने महिला चॅम्पियन होती आणि पट्टा अजून तिच्याकडेच होता. कॅमेऱ्यासमोर तिने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. असे काही बघितल्यावर पुढच्या सोमवारी दुसरीकडे कोण जाईल? मॅकमॅहन यांच्या मनात ही घटना किती खोल रुतली ते पुढे मॉन्ट्रियलला, डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून निघालेला त्यांचा चॅम्पियन ब्रेट हार्ट याच्या बाबतीत दिसले. तो विषय मोठा आहे, इथे घेत नाही.

६. नायट्रो, थंडर, सॅटर्डे नाइट, स्टारकेड... ही सगळी नावे वेगळ्या कंपन्यांची आहेत का?

नाही, सगळी डब्ल्यूसीडब्ल्यूचीच. नायट्रो सोमवारचा मुख्य कार्यक्रम. थंडर जानेवारी १९९८ मध्ये टर्नर यांच्याच टीबीएस वाहिनीवर गुरुवारी सुरू झाला. सॅटर्डे नाइट नायट्रोच्या आधीपासूनचा. स्टारकेड, हॅलोवीन हॅवक, बॅश अॅट द बीच हे पे-पर-व्ह्यू, म्हणजे वेगळे पैसे भरून बघायचे मोठे कार्यक्रम. आठवड्यांच्या भागांत गोष्ट वाढवायची आणि तिचा निकाल पे-पर-व्ह्यूवर लावायचा, असा हा धंदा. नायट्रो एका तासाचा होता. २७ मे १९९६ पासून दोन तासांचा आणि जानेवारी १९९८ पासून तीन तासांचा झाला. तीन तास दर आठवड्याला भरायचे म्हणजे पाणी घालून आमटी वाढवणे आले, आणि ते दिसायला लागले.

७. एनडब्ल्यूओ ही काय भानगड होती? काळे टी-शर्ट अजून विकले जातात म्हणून विचारतो.

२७ मे १९९६, जॉर्जियातले मेकन शहर. स्टीव्ह डॉल आणि मॉलर यांची साधी लढत चालू होती. निकालाकडे कोणाचे लक्ष नव्हते. गर्दीतून एक उंच माणूस जीन्समध्ये, दातांत काडी धरून उतरला, कठडा ओलांडून रिंगमध्ये शिरला आणि त्याने माइक मागितला. लढत तिथेच थांबली. मी कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मी इथे का आलोय ते ठाऊक नाही, असे तो म्हणाला. हा स्कॉट हॉल. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये रेझर रॅमन नावाने गाजलेला. दोन आठवड्यांनी केव्हिन नॅश आला, म्हणजे तिकडचा डिझेल.

ते डब्ल्यूडब्ल्यूएफकडून चढाई करायला आलेत, असे कोणी थेट म्हटले नाही. पण सगळ्यांना वाटावे तेच वाटत होते. डब्ल्यूडब्ल्यूएफने यावरून कोर्टात दावाही लावला.

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तो आतेभावाने एडिसनहून आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर. अमेरिकन कॅसेट आमच्या टीव्हीवर रंग दाखवत नसे, चित्र काळे-पांढरे यायचे आणि मधूनमधून वर सरकायचे. हॉलची ती चाल माझ्या डोळ्यांपुढे अजून काळी-पांढरीच आहे. पुढे एनडब्ल्यूओच्या जाहिराती मुद्दाम तशाच काळ्या-पांढऱ्या, दाणेदार करायला लागले तेव्हा मला त्या ओळखीच्या वाटल्या.

जुलैमध्ये त्यांनी डिस्नी-एमजीएम स्टुडिओच्या आवारात, मागच्या बाजूला, डब्ल्यूसीडब्ल्यूच्या लोकांना मारहाण केली. नॅशने रे मिस्टेरिओला आडवा उचलला आणि भाला फेकावा तसा गाडीच्या भिंतीवर फेकला. पाहणाऱ्या काहींनी खरोखर पोलिसांना फोन केले.

त्याआधी ७ जुलैला, फ्लोरिडातल्या डेटोना बीचला, त्यांच्या तिसऱ्या जोडीदाराचे नाव उघड झाले होते. तो निघाला हल्क होगन. दहा-बारा वर्षे लहान मुलांना जीवनसत्त्वे खा, प्रार्थना करा असे सांगणारा होगन बाजू बदलून डब्ल्यूसीडब्ल्यूकडून लढणाऱ्या रँडी सॅव्हेजच्या अंगावर पडला, तेव्हा लोकांनी रिंगमध्ये पेले, बाटल्या, हाताला लागेल ते फेकले. होगन कचऱ्यात उभा राहून बोलत होता. न्यू वर्ल्ड ऑर्डर, म्हणजे एनडब्ल्यूओ, हे या टोळीचे नाव त्या भाषणात पहिल्यांदा आले. नायकाचा खलनायक होण्याचा यापेक्षा मोठा प्रसंग मी या धंद्यात पाहिलेला नाही.

८. स्टिंग वर्षभर लढलाच नाही म्हणतात. खरे?

खरे. एनडब्ल्यूओने खोटा स्टिंग उभा केला आणि सहकाऱ्यांनी खऱ्यावर संशय घेतला, म्हणून तो सगळ्यांकडे पाठ फिरवून निघून गेला. सोनेरी केस आणि रंगीत चेहरा गेला, पांढराफटक चेहरा आणि लांब काळा कोट आला. १९९६ च्या शरदापासून तो छताच्या तुळयांवर हातात काळी बॅट धरून उभा राहायचा आणि नुसता बघायचा. बोलायचा नाही, लढायचा नाही. कधी दोरावरून खाली उतरायचा, दोघा-चौघांना झोडपायचा आणि जायचा. टीव्हीवर एका माणसाने काहीही न बोलता लोकांना वर्षभर धरून ठेवले.

२८ डिसेंबर १९९७ रोजी वॉशिंग्टनला स्टारकेडमध्ये होगनशी त्याची लढत झाली. कथेप्रमाणे पंचाने होगनच्या बाजूने घाईघाईने तीन मोजायचे आणि तो अन्याय ब्रेट हार्टने दुरुस्त करायचा, असे होते. प्रत्यक्षात मोजणी नेहमीच्याच वेगाने झाली. म्हणजे टीव्हीवर दिसले ते एवढेच, की स्टिंग सरळ हरला आणि मग उगाच लढत पुन्हा सुरू करून त्याला जिंकवले. चौदा-पंधरा महिने तापवलेल्या दुधात ऐन वेळी मिठाचा खडा पडला. कार्यक्रम अजून जोरात होता, म्हणून फारसे कोणी बोलले नाही.

९. नायट्रोने सलग ८३ आठवडे जिंकले की ८४? आणि ‘जिंकले’ म्हणजे काय?

दोन्ही आकडे छापून येतात. ८३ जास्त रूढ आहे, मीही तोच वापरतो. जून १९९६ ते एप्रिल १९९८ हा तो काळ. जिंकणे म्हणजे त्या रात्रीचे नील्सन रेटिंग ‘रॉ’पेक्षा जास्त असणे. आपल्या टीआरपीसारखेच. १३ एप्रिल १९९८ रोजी ही मालिका तुटली, कारण तिकडे स्टोन कोल्ड ऑस्टिन आणि खुद्द मॅकमॅहन यांच्यातले भांडण पेटले होते. त्यानंतर काही महिने कधी हे, कधी ते असे चालले.

नायट्रोचा शेवटचा विजय २६ ऑक्टोबर १९९८ चा, आणि त्याची गंमत अशी : आदल्या रात्री हॅलोवीन हॅवक ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला आणि पैसे भरलेल्या पुष्कळ घरांत गोल्डबर्ग-डायमंड डॅलस पेज ही शेवटची लढत दिसायच्या आतच प्रक्षेपण तुटले. भरपाई म्हणून ती लढत सोमवारी नायट्रोवर फुकट दाखवावी लागली.

१०. मला होगन-नॅशपेक्षा ते छोट्या चणीचे मास्कवाले आवडायचे. ते कोण होते?

तुमचे-माझे जमले. नायट्रोचा जीव मला त्यांच्यातच दिसतो.

वर्ग होता क्रूझरवेट, म्हणजे हलक्या वजनाच्यांचा. रे मिस्टेरिओ ज्युनियर, एडी गरेरो, डीन मलेंको, अल्टिमो ड्रॅगन, हुवेन्टूड गरेरा, सायकोसिस, ला पार्का, ख्रिस जेरिको. बरेचसे लुचा लिब्रे या मेक्सिकोच्या रेसलिंगमध्ये घडलेले, काही जपानमध्ये तावून-सुलाखून आलेले. अमेरिकन टीव्हीवर तोवर मोठ्या अंगाच्या माणसांचे राज्य होते : दोन धिप्पाड माणसे, चार ठोसे, एक फिनिशर, म्हणजे लढत संपवणारा डाव. आणि इथे पाच फूट सहा इंचांचा मुलगा वरच्या दोरीवरून उडी मारून समोरच्याच्या मानेला पायांची कात्री घालतो आणि हवेतच गिरकी घेऊन त्याला पाडतो. कॉमेंट्रीला माइक टेने असायचे. ते प्रत्येक डावाचे नाव, तो कुठून आला, कोणी रूढ केला ते सांगायचे. आपल्या फडावर जाणता वस्ताद शेजारी बसून ‘हा बघ, आता ढाक मारणार’ म्हणून दाखवतो ना, तसे.

एकच लढत बघायची असेल तर हॅलोवीन हॅवक १९९७ मधली एडी गरेरो विरुद्ध रे मिस्टेरिओ बघा. नायट्रोची नव्हे, पे-पर-व्ह्यूची आहे, पण तिची सगळी मशागत नायट्रोवर झाली. एडीचा पट्टा आणि रेचा मास्क पणाला लागला होता. रे डोक्यापासून पायापर्यंत जांभळ्या पोशाखात होता. वरच्या दोरीवर एडीने त्याला धरलेले असताना त्याने जी कलाटणी दिली, ती मी पन्नास वेळा तरी मागे-पुढे करून पाहिली असेल आणि हात नक्की कुठे सुटतो ते मला अजून दिसलेले नाही.

जेरिकोची तऱ्हा वेगळी. मलेंकोला ‘हजार डावांचा माणूस’ म्हणत, म्हणून मार्च १९९८ मध्ये जेरिको कागदांची लांबलचक चळत घेऊन आला आणि आपल्याला १००४ डाव येतात म्हणत एकेक वाचू लागला. दर दुसरा डाव ‘आर्मबार’, म्हणजे साधी हाताची पकड. जाहिराती लागल्या, संपल्या, तरी तो वाचतोच आहे. लोक चिडलेही आणि हसलेही.

आणि हे सगळे लोक कायम पहिल्या तासात. मेन इव्हेंटला यांच्यातला कोणी जाऊ शकेल असे वरच्यांना वाटतच नव्हते. जेरिको १९९९ मध्ये निघून गेला. जानेवारी २००० मध्ये एडी, मलेंको, सॅटर्न आणि बेन्वा एकदमच गेले आणि त्या महिन्याच्या ३१ तारखेला ‘रॉ’वर दिसले. पैशांपेक्षा ही गळती मला मोठी वाटते.

११. गोल्डबर्ग खरोखर १७३ वेळा सलग जिंकला होता?

नाही. त्याने सप्टेंबर १९९७ मध्ये नायट्रोवर ह्यू मॉरसला हरवून सुरुवात केली. एका आठवड्यात त्याच्या जितक्या लढती झाल्या त्यापेक्षा आकडा भराभर पुढे सरकायचा आणि चाहत्यांच्या ते लक्षात येत होते. पण विजयांची मालिका मात्र खरीच अखंड होती आणि तिचा दराराही खरा होता. अमेरिकन फुटबॉल खेळून आलेला टकलू, दणकट गडी, दोन मिनिटांत काम संपवणारा. त्याच्या नावाचा घोष सुरू झाला की अंगावर काटा यायचा.

६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये त्याने होगनला हरवून वर्ल्ड टायटल जिंकले. चाळीस हजारांच्या आसपास माणसे होती, आणि गोल्डबर्ग त्याच शहराच्या अटलांटा फाल्कन्स या फुटबॉल संघातून खेळलेला, म्हणजे घरचाच. ही लढत पे-पर-व्ह्यूवर ठेवली असती तर किती पैसा मिळाला असता, हा वाद आजही होतो. हिशेबाने तो बरोबर आहे. पण आठवड्याच्या फुकट कार्यक्रमात एवढे मोठे काही घडू शकते, हाच तर नायट्रोचा शब्द होता. त्या रात्री तो पाळला गेला.

मालिका तुटली २७ डिसेंबर १९९८ रोजी, स्टारकेडमध्ये. स्कॉट हॉलने विजेचा झटका देणारे यंत्र लावले आणि नॅशने खांदे टेकवले.

१२. ‘बोटाने ढकलून’ चॅम्पियन झाला ती लढत कुठली? खरेच झाली का तशी?

झाली. ४ जानेवारी १९९९, पुन्हा जॉर्जिया डोम. नॅश विरुद्ध गोल्डबर्ग ही परतफेडीची लढत ठरली होती आणि लोक त्यासाठीच आले होते. कार्यक्रम चालू असताना गोल्डबर्गला एका खोट्या तक्रारीवरून पोलीस घेऊन गेले. त्याच्या जागी होगन उभा राहिला, जो महिन्याभरापूर्वी निवृत्ती जाहीर करून राष्ट्राध्यक्षपदाच्या गोष्टी करत होता. घंटा वाजली. होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावले. नॅश झाड कोसळावे तसा पाठीवर पडला. एक, दोन, तीन. मग दोघांनी मिठी मारली, एनडब्ल्यूओ पुन्हा एक झाली, आणि धावत आलेल्या गोल्डबर्गलाही सगळ्यांनी मिळून तुडवले.

त्याच रात्री दुसरी चूक झाली. ‘रॉ’चा भाग आधी चित्रित झालेला होता. त्यात मिक फोली चॅम्पियन होणार हे नायट्रोचे कॉमेंटेटर टोनी शियावोनी यांना वरून सांगायला लावले गेले, आणि असल्याने म्हणे प्रेक्षक येणार, अशा अर्थाची खोचक पुस्तीही त्यांनी जोडली. बिशॉफचा जुनाच डाव (प्रश्न ५), पण या वेळी उलटला. फोली हा वर्षानुवर्षे अंगाची चाळण करून घेतलेला, सामान्य माणसासारखा दिसणारा रेसलर. तो जिंकणार म्हटल्यावर लाखो लोकांनी ते पाहायला वाहिनी बदलली. रेटिंग : ‘रॉ’ ५.७, नायट्रो ५.०.

शियावोनींना दोष देऊ नका. त्यांनी नंतर फोलींची माफी मागितली आहे.

१३. मग नायट्रो नेमके बंद पाडले कोणी? मॅकमॅहननी?

मॅकमॅहननी ते बंद पाडले नाही, बंद व्हायचे ठरल्यावर विकत घेतले. हा फरक महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो विसरतात.

४ जानेवारीनंतरही नायट्रो दोन वर्षे चालले. लोक एका रात्रीत गेले नाहीत, फसगत अंगवळणी पडत गेली तसे गेले. जाहीर केलेली लढत होणारच नाही, झाली तर कोणीतरी मध्ये घुसणार, निकाल लागणारच नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचे लेखक व्हिन्स रुसो आणले. त्यांनी तर प्रेक्षकाला पडद्यामागचेच दाखवायला सुरुवात केली. एप्रिल २००० मध्ये सगळे पट्टे रिकामे करून नव्याने डाव मांडला आणि त्याच महिन्यात डेव्हिड आर्केट या चित्रपटातल्या नटाला वर्ल्ड चॅम्पियन केले. तो थंडरचा भाग होता, पण कंपनी एकच. आर्केटला स्वतःला ते पटत नव्हते, हे त्याने पुढे सांगितले आहे. मोठ्या रेसलरांचे हमीचे, भरभक्कम करार चालूच होते, त्यामुळे २००० मध्ये तोटा कोट्यवधी डॉलरांवर गेला.

तरीही कंपनी वाचू शकली असती. बिशॉफ आणि फ्यूझिअंट ही गुंतवणूकदार मंडळी ती घ्यायला तयार होती. पण जानेवारी २००१ मध्ये एओएल आणि टाइम वॉर्नर यांचे विलीनीकरण झाले आणि टर्नर यांच्या हाती पूर्वीची सत्ता राहिली नाही. वाहिन्यांचे नवे प्रमुख जेमी केलनर यांनी टीएनटी आणि टीबीएसवरून रेसलिंग काढून टाकले. वाहिनीच नाही म्हटल्यावर फ्यूझिअंटने सौदा सोडला. उरलेली नावे, काही करार आणि सगळा जुना चित्रफितींचा साठा मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने काही दशलक्ष डॉलरांत उचलला. एका मालकाच्या शब्दावर जन्मलेला कार्यक्रम (प्रश्न ३) तो मालक बाजूला होताच अनाथ झाला.

१४. शेवटच्या भागात काय दाखवले?

२६ मार्च २००१, फ्लोरिडातले पनामा सिटी बीच. क्लब ला व्हेला नावाच्या क्लबमध्ये, उघड्यावर, पोहण्याच्या तलावाजवळ. चाळीस हजारांच्या जॉर्जिया डोमनंतर हे दृश्य बघवत नाही. सुरुवातीलाच पडद्यावर व्हिन्स मॅकमॅहन आले. बुकर टी ने स्कॉट स्टायनरला हरवून वर्ल्ड टायटल जिंकले. शेवटी ‘रॉ’ आणि नायट्रो दोन्ही वाहिन्यांवर एकच चित्र होते : व्हिन्स क्लीव्हलँडच्या रिंगमध्ये विजयाच्या गप्पा मारताहेत आणि नायट्रोच्या रिंगमध्ये त्यांचा मुलगा शेन सांगतोय की कंपनी मी घेतली. अर्थात ती कथा होती.

माझ्यासाठी नायट्रो त्याआधीच्या लढतीत संपले. स्टिंग विरुद्ध रिक फ्लेअर, पहिल्या भागात भिडलेले तेच दोघे. फ्लेअर टी-शर्ट घालून लढला. स्टिंगने त्याच्या खास पकडीत फ्लेअरचे पाय अडकवले, फ्लेअरने हार मानली आणि मग दोघांनी रिंगच्या मध्यभागी एकमेकांना मिठी मारली. त्या मिठीत कथा नव्हती.

१५. आपल्याकडे सगळ्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफ आठवते, नायट्रो फारसे कोणाला आठवत नाही. का?

मुख्य कारण पत्ते. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत जी ट्रम्प कार्डे खेळली जायची त्यांच्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफ लिहिलेले असायचे. उंची, वजन, छाती, दंड, रँक. ज्याच्याकडे रँक एकचा पत्ता तो वर्गाचा राजा. त्या पत्त्यांवरचा डिझेल आणि रेझर रॅमन म्हणजे प्रश्न ७ मधले नॅश आणि हॉलच. टीएनटी हे नाव आपल्याला आठवते ते कार्टून नेटवर्कच्या जोडीने रात्री लागणाऱ्या जुन्या इंग्रजी चित्रपटांमुळे.

आधीच्या पिढीला हा प्रकार नवा नव्हता. त्यांनी मुंबईत दारा सिंग आणि किंग काँग यांच्या फ्री स्टाईल कुस्त्यांची पोस्टरे पाहिली होती. माझे आजोबा नायट्रोची कॅसेट दोन मिनिटे बघून म्हणाले होते, ‘हे फ्री स्टाईल आहे, पण तो मास्कवाला पोरगा पैलवान आहे.’

१६. ख्रिस बेन्वाच्या लढतींची शिफारस तुम्ही का करत नाही?

जून २००७ मध्ये त्याने पत्नी नॅन्सी आणि सात वर्षांचा मुलगा डॅनियल यांचा खून केला आणि मग आत्महत्या केली. नॅन्सी स्वतः डब्ल्यूसीडब्ल्यूच्या पडद्यावर ‘वूमन’ नावाने काम करत असे. म्हणजे जुने भाग बघताना तीही समोर येते. बेन्वाचे नाव इतिहासातून खोडता येत नाही, म्हणून प्रश्न १० मध्ये ते आले आहे. पण ‘ही बघाच’ असे मी त्याच्या लढतीबद्दल कोणाला सांगू शकत नाही.

१७. त्या लोकांपैकी आज कोण आहे?

पिलमन १९९७ मध्येच गेला, एडी गरेरो २००५ मध्ये. दोघेही चाळिशीच्या आत. कॉमेंट्रीवाले बॉबी हीनन २०१७ मध्ये, स्कॉट हॉल २०२२ मध्ये, होगन जुलै २०२५ मध्ये गेले. होगनबद्दल लिहिताना, त्याच्या वर्णद्वेषी बोलण्याचे ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये बाहेर आले आणि अनेक चाहत्यांनी त्याला कधीच माफ केले नाही, हेही लिहायला हवे. स्टिंग शेवटची लढत मार्च २०२४ मध्ये लढला, वयाची साठी ओलांडून, आणि जिंकून निवृत्त झाला. गोल्डबर्गने शेवटची लढत जुलै २०२५ मध्ये अटलांटातच केली.

१८. आता बघायचे तर कुठून सुरुवात करू? साडेपाच वर्षे कोण बघणार!

सगळा साठा डब्ल्यूडब्ल्यूईच्या मालकीचा आहे. कुठल्या देशात कुठल्या ॲपवर काय लागते ते बदलत असते, म्हणून तिथे थेट शोधा. यूट्यूबवर त्यांचे ‘डब्ल्यूडब्ल्यूई व्हॉल्ट’ चॅनेल आहे, त्यावर जुन्या डब्ल्यूसीडब्ल्यूचे बरेच काही येते.

पहिला भाग बघा (प्रश्न ४). मग २७ मे १९९६ पासून त्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत सलग बघा, एकही आठवडा न गाळता. हॉल-नॅशची खरी मजा आठवड्या-आठवड्याने चढत जाणाऱ्या ताणात आहे. नुसते तुकडे पाहून ती कळत नाही. १९९७ मध्ये पहिला तास बघा, तिसऱ्या हप्त्यापर्यंत क्रूझरवेट आवडायला लागतील. २५ ऑगस्ट १९९७ चा भाग चुकवू नका. मानेच्या दुखापतीमुळे आर्न अँडरसन रिंग सोडत असल्याचे सांगतो आणि एकही चढा शब्द न वापरता सांगतो. पुढच्या आठवड्यात एनडब्ल्यूओने त्याची टवाळी केली तो भाग मात्र मी गाळतो. मग ६ जुलै १९९८. आणि शेवटचा.

१९. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या त्या मोठ्या सोनेरी पट्ट्याचे पुढे काय झाले?

कंपनी संपली तरी टायटल काही महिने डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये चालू राहिले. ९ डिसेंबर २००१ रोजी सॅन डिएगोला दोन्ही कंपन्यांची वर्ल्ड टायटले एक करायचे ठरले. एकाच रात्री एका माणसाने आधी द रॉकला हरवून डब्ल्यूसीडब्ल्यूकडून आलेला पट्टा घेतला आणि लगेच स्टोन कोल्ड ऑस्टिनला हरवून दुसराही घेतला. दोन्ही खांद्यांवर दोन पट्टे टाकून बाहेर पडलेला तो माणूस म्हणजे प्रश्न १० मधला, १००४ डावांचे कागद वाचणारा ख्रिस जेरिको.